कुलूप, कोड आणि वही : सीमेवरच्या घरातील टेलिफोनचा इतिहास

राजेरजवाड्यांच्या लढायांचा इतिहास लिहिला जातो, तहांचा आणि सनदांचाही लिहिला जातो. परंतु घरातल्या एखाद्या वस्तूमुळे बाप आणि मुलगा यांच्यात जी रोजची लढाई होते, तिची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. गेल्या चाळीस वर्षांत आपल्या पेडणे-डिचोलीच्या घरांत अशी एक लढाई झाली. तिचे कारण होते टेलिफोनचे बिल, आणि आरोपी बहुधा घरातले चौदा ते अठरा वर्षांचे मूल. शिक्षक म्हणून यातल्या पुष्कळ प्रकरणांचा मी साक्षीदार आहे. पालक-सभेत पूर्वी गणिताच्या गुणांनंतर ज्या विषयावर सर्वांत अधिक वेळ जात असे, तो हाच. म्हणून या लहानशा विषयाचा थोडा क्रमवार मागोवा घ्यावा असे वाटले.

प्रारंभ भूगोलापासून करावा लागतो. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ च्या तहाने सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. या 'नव्या काबिजादी' राज्याने गोव्यात आल्या, पण त्यांची सोयरीक होती तिथेच राहिली. पेडण्याच्या घरातली सून बांद्याची, डिचोलीच्या घरातली लेक दोडामार्गला दिलेली, देवाचा कौल एका गावचा आणि माहेर दुसऱ्या गावचे, असा हा प्रदेश. पुढे १९५५ पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या वाटेने वऱ्हाडे जात, त्या वाटेवर रक्त सांडले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि नाके उघडले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा स्वतंत्र राहिला, ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाला, आणि सीमा नकाशावर कायम झाली. नात्यांना मात्र ती कधीच मान्य नव्हती. टेलिफोनचे बिल आपल्याकडे का फुगले, याचे निम्मे उत्तर या परिच्छेदातच आहे.

उरलेले निम्मे उत्तर तारेत आणि मीटरमध्ये आहे.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन १८८२ साली सुरू झाले. परंतु स्वातंत्र्याच्या वेळी सबंध भारतात सुमारे ऐंशी हजारच फोन होते, आणि १९९१ साली ती संख्या जेमतेम पन्नास लाखांवर गेली होती. खेड्यातल्या माणसाला फोन म्हणजे पोस्टातला, नाहीतर एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या पेढीवरचा. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग अशा त्याच्या जाती. तीन मिनिटे झाली की मधूनच ऑपरेटर बाईंचा आवाज येई. ठरावीक माणूस मिळाला तरच बोलायचे, असा 'पी.पी.' कॉलही असे. त्या व्यवस्थेत मुलाने बिल वाढविण्याचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक कॉलच्या मध्ये एक तिऱ्हाईत माणूस बसलेला होता, आणि त्याच्याकडे नाव-गाव सांगावे लागे. मधला माणूस हेच त्या काळचे कुलूप.

हा मधला माणूस काढून टाकणारी सोय म्हणजे एस.टी.डी. इंग्लंडमध्ये ५ डिसेंबर १९५८ रोजी राणी एलिझाबेथने ब्रिस्टलहून एडिंबरोला स्वतः नंबर फिरवून तिचे उद्‌घाटन केले. आपल्याकडे त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९६० साली, लखनौ आणि कानपूर यांच्यामध्ये ती सुरू झाली. पण लखनौहून पेडण्यापर्यंत यायला तिला बराच काळ लागला. त्यासाठी खेड्यातल्या उन्हाधुळीत, वातानुकूलनावाचून चालणारे छोटे एक्स्चेंज हवे होते. ते १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने तयार केले. त्यांतले पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली बसले ते बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे. सीमाभागाने ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्यानंतरच्या दहा वर्षांत गावोगाव तांबड्या आणि हिरव्या रंगाचे फोन वसरीवर येऊन बसले. त्यांच्यावर भरतकाम केलेला रुमाल आणि शेजारी उदबत्तीचे घर असे.

आता मीटरची गोष्ट. आजच्या मुलांना ती समजावून सांगावी लागते. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या नावे एक मोजयंत्र असे. स्थानिक कॉल केला की ते एक आकडा पुढे सरके. एस.टी.डी. लावली की मात्र ठरावीक सेकंदांनी ठोका पडे आणि प्रत्येक ठोक्याला एक युनिट चढे. गाव जितके दूर, तितके ठोके दाट. समजा, चार सेकंदांचा ठोका आहे. मग तीन मिनिटांच्या बोलण्यात ४५ युनिटे. रात्री अकरानंतर चतुर्थांश दर असे, म्हणजे तोच ठोका सोळा सेकंदांनी पडणार आणि तेच बोलणे १२ युनिटांत बसणार. त्यातून दर पायरीपायरीने चढता होता. जितकी युनिटे अधिक, तितके पुढचे युनिट महाग. आणि बिल यायचे दोन महिन्यांनी. साठ दिवसांत काय काय बोललो हे कोणाला आठवते?

सीमेवरच्या घराला यात एक जादा फटका होता. पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा. सायकलवरून जाऊन निरोप सांगून दुपारच्या जेवणाला परत यावे, एवढे ते जवळ. पण टेलिफोनच्या हिशेबात तो दुसरा कोड, म्हणून शून्य लावूनच बोलायचे. जवळच्या गावाचा दर दिल्लीपेक्षा कमी हे खरे, पण घड्याळ चालूच. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या घराचे सगळे नातलग आपल्याच एक्स्चेंजमध्ये सापडत. आमचे निम्मे गणगोत शून्याच्या पलीकडे होते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. जुन्या बिलात फक्त एकूण युनिटांचा आकडा येई. कोणत्या नंबरला, कोणत्या दिवशी, किती वेळ, यांतले काहीही त्यात नसे. म्हणजे गुन्हा सिद्ध, रक्कम निश्चित, पण गुन्हेगार अज्ञात. अशा वेळी घरात संशय कोणावर जाणार? आजोबांवर खचितच नाही. तो घरातल्या वाढत्या मुलावर जाई. त्याने मित्राला फोन करताना दोनदा हसलेले कोणीतरी ऐकलेले असे, तेवढा पुरावा पुरेसा ठरे. वस्तुतः त्याच मुलाला दिवसातून दहा वेळा शेजाऱ्यांकडे पळावे लागे. आळीत एकच फोन आणि तो सर्वांच्या पत्रिकांवर, कार्डांवर 'पी.पी.' म्हणून छापलेला. "अमक्या काकांचा मुंबईहून फोन आलाय, लवकर चला," असे ओरडत बांध तुडवत जाणारा पोरगा हा त्या टेलिफोनचा बिनपगारी शिपाई होता, हे बिलाच्या दिवशी कोणाच्या लक्षात राहत नसे.

या संशयावर पहिला उपाय म्हणून आले कुलूप. गोल डायलच्या पहिल्या भोकात बसणारे ते पितळी किंवा लोखंडी कुलूप बाजारात सहज मिळे. ते लावले की डायल पुढे फिरत नसे. येणारा फोन घेता येई, आपण मात्र करायचा नाही. आपल्या घरांना हा विचार नवा नव्हता. साखरेचा डबा, लोणच्याची बरणी, भाताचे कोठार यांच्या किल्ल्यांचा जुडगा आजीच्या कमरेला असायचाच. त्यात आणखी एक किल्ली आली इतकेच.

परंतु साखरेच्या डब्याचे कुलूप आणि फोनचे कुलूप यांत फरक आहे, आणि तो मुलांना मोठ्यांच्या आधी कळला. डायल फिरून परत येते तेव्हा ती तारेतला प्रवाह आकड्याइतक्या वेळा तोडते आणि जोडते. पाच फिरवला तर पाच वेळा, शून्य फिरवला तर दहा वेळा. रिसीव्हर ठेवण्याचा खटका दाबूनही प्रवाह तसाच तुटतो. तेव्हा खटका ठेक्यात दहा वेळा दाबला की शून्य लागला! तबल्याचा हात असलेल्या मुलांना ही विद्या विशेष लवकर साधे. विज्ञानाच्या तासाला विद्युतमंडल शिकताना जांभया देणारी मुले घरी कुलूपबंद फोनवरून त्याच पाठाचा प्रयोग बिनचूक करीत होती, हे मी शिक्षक म्हणून नमूद करतो. त्यात कौतुक किती आणि खेद किती, हे वाचकांनी ठरवावे.

कुलपाचा खरा दोष मात्र निराळा होता. पोलिसांचा १००, आगीच्या बंबाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०२ या तिन्ही नंबरांत शून्य आहे. ज्या शून्याला घाबरून कुलूप लावले, तेच शून्य संकटात लागणार होते. गृहस्थ किल्ली खिशात घालून कामावर गेला आणि घरात म्हातारे माणूस आजारी पडले, तर घरात फोन असून नसल्यासारखा. खर्च आवरण्यासाठी केलेली व्यवस्था संकटाची वाट बंद करते तेव्हा ती काटकसर राहत नाही.

दुसरा टप्पा कोडचा. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर चार आकडी गुप्त संकेत देऊन एस.टी.डी. बंद-चालू करण्याची सोय मिळाली. स्थानिक आणि तातडीचे नंबर चालू ठेवून फक्त शून्य अडविता येऊ लागले, म्हणून ही व्यवस्था कुलपापेक्षा शहाणी होती. पण गृहस्थांनी निवडलेले चार आकडे म्हणजे बहुधा स्वतःचे जन्मसाल, नाहीतर स्कूटरचा नंबर. ते ओळखायला मुलांना दोन दिवसही लागत नसत. आणि जिथे घरातून जमले नाही तिथे पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ होतेच. पेडण्याच्या बाजारात, साखळीच्या बसस्थानकाजवळ, हरमलच्या किनाऱ्यावर ते उभे राहिले. हरमलला परदेशी पाहुणे आपल्या घरी बोलण्यासाठी रांग लावीत, आणि लाल आकड्यांत चढत जाणारी रक्कम सर्वांना समोर दिसे. माझ्या मते बूथमधल्या त्या लाल आकड्यांनी जे शिक्षण दिले, ते कुलपाने दिले नाही. रक्कम डोळ्यांसमोर चढताना दिसली की पंधरा वर्षांचा मुलगाही वाक्य आवरते घेतो.

येथे परदेशातले एक उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी स्थानिक कॉलना महिन्याचा ठोक आकार असे, मिनिटांचा हिशेब नसे. त्यामुळे तिथल्या आईबापांची तक्रार बिलाची नसून, पोरे तासन्‌तास फोन अडवून ठेवतात, ही होती. कंपनीने १९५९ साली तरुण मुलींना डोळ्यांपुढे ठेवून 'प्रिन्सेस' नावाचा छोटा सुबक फोन काढला, आणि पुष्कळ घरांनी मुलांसाठी वेगळी लाइनच घेतली. वय तेच, बोलण्याची ओढ तीच. भांडणाचा विषय मात्र दराच्या पद्धतीने ठरविला. मुले बिघडली असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा दरपत्रक बदललेले असते.

आता एक प्रकरण सांगतो. ते १९९७ च्या सुमाराचे आहे, नावगाव सांगण्याची गरज नाही. मी तेव्हा पेडणे तालुक्यातल्या एका शाळेत दहावीचा वर्गशिक्षक होतो. एक पालक दोन महिन्यांचे बिल घेऊन आले. नेहमीच्या तिप्पट रक्कम होती. बारावीतल्या थोरल्या मुलाला त्यांनी मारले होते आणि तो कबूल होत नव्हता. मुलगा पूर्वी आमच्याच शाळेत होता, तेव्हा त्याच्याशी मी बोलावे अशी त्यांची इच्छा. मी त्यांना एवढेच सुचविले की आपले एक्स्चेंज आता इलेक्ट्रॉनिक आहे, अर्ज केला तर कॉलची यादी मिळू शकेल. ती आधी पाहा, मुलाशी नंतर बोलू.

आठवडाभराने ते यादी घेऊन आले. एकच नंबर, सावंतवाडीचा कोड. वेळ प्रत्येक वेळी रात्री अकरा वाजून काही मिनिटे. नंबर त्यांच्या विवाहित मुलीच्या सासरचा. फोन करीत होती ती दहावीतली धाकटी मुलगी, माझीच विद्यार्थिनी. चतुर्थांश दर कधी सुरू होतो हे तिने वर्तमानपत्रात वाचून ठेवले होते, आणि पहिल्या घंटेला पलीकडे बहीण रिसीव्हर उचलीत होती. सासरची मंडळी झोपल्यावरच तिला मोकळे बोलता येत होते. आठ महिन्यांत ती माहेरी आलेली नव्हती, आणि आईबापांना "सगळे ठीक" एवढेच पत्रातून कळत होते.

ते गृहस्थ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, घरात एवढे चालले होते आणि मला पैशांवरून कळले." त्यांनी पुढे काय केले ते मला नंतर समजले. दुसऱ्या दिवशी ते बांद्यावरून सावंतवाडीला गेले आणि लेकीला पंधरा दिवसांसाठी घेऊन आले. थोरल्या मुलाची त्यांनी माफी मागितली की नाही ठाऊक नाही. त्या पिढीचे बाप माफी मागत नसत, नवी सायकल घेऊन देत. पण फोनचा कोड त्यांनी काढून टाकला आणि फोनशेजारी एक वही ठेवली. कोणी, कोणाला, किती वाजता, किती मिनिटे, हे सर्वांनी लिहायचे, वडिलांनीसुद्धा. थोरल्या लेकीला दर रविवारी रात्री घरातून सर्वांदेखत फोन करायचा, आणि ते युनिट घरखर्चात धरायचे. वाण्याची उधारीची वही ज्या विश्वासावर चालते त्याच विश्वासावर ही चालली. पुढचे बिल, त्यांनी सांगितले, निम्म्याहून खाली आले.

या प्रकरणानंतर पालक-सभेत मी कुलूप आणि कोड यांपेक्षा वहीची शिफारस करू लागलो. तिची कारणे तीन. एक, कुलूप मुलाला चोर समजते आणि कोड त्याला शत्रू समजतो, वही मात्र त्याला घरातला भागीदार समजते. दोन, कुलपाने फक्त फोन थांबतो, वहीत फोनचे कारण दिसते. तीन, वहीत बापाचेही मिनिट लिहिले जाते. पहिल्या महिन्यात पुष्कळ घरांतून असे निघाले की सर्वांत लांब बोलणारी व्यक्ती चाळिशीच्या पुढची होती! आणखी एक गोष्ट मी सभेत स्पष्ट बोलत असे. मुलगा बोलला तर पैशांची चर्चा होते, आणि मुलगी बोलली तर चारित्र्याची होते. बिलाच्या एकाच कागदाचे हे दोन अर्थ लावणे अन्याय आहे. ज्या प्रदेशात लेकी सीमेपलीकडे दिल्या जातात, तिथे फोनला लावलेले कुलूप बहुतेक वेळा लेकीच्याच तोंडाला लागते.

पुढचा इतिहास सर्वांच्या आठवणीतला आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल कलकत्त्याहून दिल्लीला झाला. त्या वेळी येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मुलांनी त्यावर 'मिस कॉल' ही बिनखर्चाची तारयंत्रणा शोधली. एक घंटा म्हणजे पोचलो, दोन म्हणजे ये. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याची सेवा बी.एस.एन.एल.कडे गेली. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले. मार्च २००६ पासून 'वन इंडिया' योजनेत देशात कुठेही एक रुपया मिनिट असा दर आला, आणि बांदा व दिल्ली एका अंतरावर आली. टेलिफोनच्या नकाशात गोवा हा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये आहे. जनमत कौलाने जे जुळले नाही ते टेलिफोनने मुकाट्याने जुळवून ठेवले होते, असे कोणी गमतीने म्हटले तर मी हरकत घेणार नाही. बेळगाव मात्र कर्नाटकच्या सर्कलमध्ये, त्यामुळे तिकडच्या सोयऱ्यांना भेटायला गेले की पुष्कळ वर्षे 'रोमिंग' लागत असे. १४ जुलै २०१३ ला तार बंद झाली. सप्टेंबर २०१६ पासून बोलणे जवळजवळ फुकट झाले, आणि पिवळे बूथ झेरॉक्सची दुकाने झाले. आज मोपाच्या विमानतळावर उतरलेला मुलगा आईला तोंड दाखवून बोलतो, आणि त्याचे वेगळे बिल येत नाही.

बिल येत नाही हीच आजची अडचण आहे. पूर्वी दोन महिन्यांनी का होईना, एक कागद घरी येऊन सांगे की तुमच्या घरात काहीतरी चालले आहे. आता पैसे आधीच भरलेले, फोन प्रत्येकाच्या हातात, आणि बोलणे एकेकट्याच्या कानात. मुलांचा खर्च मिनिटांतून निघून खेळांत आणि वडिलांच्या खात्याला जोडलेल्या बोटाच्या एका दाबण्यात गेला आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तो बरा झाला. पण कायदा हेही एक मोठे कुलूपच, आणि खटका वाजवून शून्य लावणारी मुले याही पिढीत आहेत. परवा एका पालकाने मला विचारले, "सर, मोबाइलला कसला लॉक घालू?" मी त्यांना तीन रुपयांची वहीची जुनी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "वहीत लिहायचे काय? पैसे तर दिसतच नाहीत." मी म्हटले, पैसे दिसत नसतील तर वेळ लिहा, आणि पहिल्या ओळीत स्वतःचा लिहा.

त्या दहावीतल्या मुलीला एक गोष्ट पक्की माहीत होती : रात्री अकरानंतर दर चतुर्थांश होतो. आपल्या बहिणीसाठी तिने ते लक्षात ठेवले. आपल्या घरातले मूल आज रात्री अकरानंतर कोणासाठी जागे आहे, हे शोधायला आता एक्स्चेंजची यादी मिळणार नाही. ते त्याच्याजवळ बसून विचारावे लागेल.